सौंदडवालीचे जोडे

त्या रविवारी आई राक्षसाच्या गुहेपर्यंत पोचली, दाराशी जोडे काढले, अनवाणी आत शिरली आणि मेली.

"मेली वो मी, रंजू," तिने ओसरीतून हाक दिली. "चहा मांड."

हे आमच्याकडे रोजचं होतं. खेळात मेलेला माणूस थोड्या वेळाने गावच्या विहिरीपाशी पुन्हा उभा राहतो. तेवढ्या वेळात आईचा चहा होत असे. बशीत ओतून ती फुंकर घालत प्यायची आणि एक डोळा टॅबलेटवर ठेवायची, विहिरीपाशी आपण आलो की नाही ते बघायला.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आईला घरात बसवून ठेवणं कोणालाच जमत नव्हतं. जन्मभर कुडव्याच्या अंगणवाडीत पोरं सांभाळलेली बाई. निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारची पोरं गोळा करून त्यांची नखं कापत बसायची. माझा धाकटा भाऊ संघदीप हैदराबादला नोकरीला आहे. त्याने तिला टॅबलेट घेऊन दिला आणि त्यात हा खेळ घातला. देशभरातले लोक एकाच वेळी त्यात शिरतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, ते पात्र जंगलात हिंडतं, लढतं, बाजार करतं. संध्याकाळी आपण दोघं तिथं भेटू, असं तो म्हणाला होता. महिनाभर भेटलाही. मग त्याच्या ऑफिसच्या वेळा बदलल्या आणि तो सुटला. आई राहिली.

तिची तिथं टोळी झाली. डोंगरगढचा दुर्गाप्रसाद, मिठाईचं दुकान चालवणारा, आणि गोंदियात मोबाइल दुरुस्त करणारा हिमांशु. त्यांचे आवाज टॅबलेटमधून आमच्या ओसरीत दिवसभर असायचे. हिमांशुचं दुकान आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर, तरी आईने त्याला कधी घरी बोलावलं नाही की आपलं खरं नाव सांगितलं नाही. तिथली मी तिथंच बरी, म्हणायची. दोघंही तिला मावशी म्हणत. ती त्यांना जयभीम घालायची. दुर्गाप्रसाद "जय भीम मावशी, जय जोहार" म्हणायचा, आणि मग ती दोघांनाही जेवले का म्हणून विचारल्याशिवाय तलवार उचलायची नाही.

जोड्यांचं भांडण त्या रविवारीही झालं. खेळात लोखंडी जोडे फार महत्त्वाचे असतात. ते पायात असले तर आग, विंचू, काटे काही लागत नाही. आई मात्र कुठल्याही दारात जायचं म्हटलं की ते काढून ठेवणार. देऊळ असो, सरदाराचा वाडा असो, नाहीतर गुहा.

"मावशी, राक्षस का घर है, समधी का नहीं," दुर्गाप्रसाद कळवळून म्हणाला. "जूते मत उतारो."

"घर आहे ना?" आई म्हणाली. "मंग? कोनाच्या घरात जोडे घालून जातेत का?"

"वो आपको खा जाता है, मावशी."

"ते त्याचं वागनं. आपलं आपल्यापाशी."

मी पुस्तकातून मान वर न करता हसले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, आणि रविवारी घरीही वाचतच बसते. आईला त्याचं काही वाटत नसे. मी तिच्या खेळात जात नव्हते, ती माझ्या पुस्तकात येत नव्हती, आणि चहा दोघींचा एकत्र होता.

एका गोष्टीत मात्र तिने मला ओढलं होतं. तिचं पात्र तयार होत असताना.

खेळात शिरताना आधी चेहरा करायचा असतो. तयार चेहरे असतात, त्यातला एक निवडला की झालं. आईने ते सगळे पाहिले. गोऱ्यापान, टोकदार हनुवटीच्या पोरी. "या साऱ्या एकाच मायच्या," ती म्हणाली आणि स्वतः चेहरा करायला बसली. नाक, भुवई, कपाळ, कान, सगळं बोटाने सरकवून लहानमोठं करता येतं. लोक हे काम चहा उकळेपर्यंत उरकतात. आईला आठवडा लागला.

त्याला कारण होतं. आई आणि तिची मोठी बहीण सुशिलाबाई यांच्यात दोन वर्षांचं अंतर, पण चेहरा एकच. सौंदडच्या घरात एका मुलीचा स्टुडिओत काढलेला फोटो आहे, आणि तो कोणाचा हे आजवर कोणी ठामपणे सांगू शकलेलं नाही. आईला स्वतःलाही नाही. शाळेत तिला सुशिला म्हणत, अंगावर सुशिलाचे कपडे, लग्नात आलेल्या बायका म्हणाल्या, अगदी सुशिलाच. लग्न होऊन कुडव्याला आली तर सासरी नावच गेलं. माहेरच्या गावावरून सुनेला हाक मारायची आमच्याकडे पद्धत आहे. तेव्हापासून ती सौंदडवाली. पुष्पा हे नाव फक्त अंगणवाडीच्या पगारपत्रकावर आणि बाबांच्या तोंडी राहिलं. आमचे बाबा, केवळराम, मी शिकत असतानाच गेले.

तर साठी उलटल्यावर आईला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं की, बाई, तुला कसं दिसायचं आहे?

तिने रंग निवडला तो पट्टीच्या पार शेवटचा, काळाभोर. केस पांढरे. खांदे रुंद, कारण भांडायला उतरायचं आहे. कान मोठे. एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर, त्यामुळे पात्र सदा काहीतरी विचारत असल्यासारखं दिसे. आणि नाक. नाकावर तिने दोन दिवस घालवले. माझ्यापुढे टॅबलेट धरून, हे नाक कोणासारखं वाटतं, म्हणून विचारायची. मी म्हणायचे, जरा बाबांच्या आत्यासारखं. की लगेच बदल. पुन्हा धरायची. आता? आता त्या पोस्टमनसारखं. पुन्हा बदल. शेवटी एका दुपारी मी खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, हे कोणासारखंच नाही.

ती इतकी खूश झाली की तिने त्या दिवशी शेजारी शिरा वाटला. कशाबद्दल म्हणून विचारलं तर सांगेना. पात्राला नाव मात्र तिने सौंदडवाली दिलं. तेवढं सवयीचं झालं होतं, म्हणाली, आणि गावही चांगलं आहे.

पुढची गंमत अशी की खेळात एखाद्याचा चेहरा आवडला तर त्याची नक्कल करता येते. एक बटण दाबलं की तेच तोंड आपल्याला. जिथं सगळे तरणेताठे आणि गोरे, तिथं ही काळी, पांढऱ्या केसांची, अनवाणी बाई उठून दिसायची. एके दिवशी बाजारात आईला समोरून स्वतःच येताना दिसली. आई हबकली. मग चिडली.

"आत्ता कुठं सोताचं थोबाड भेटलं, तर तेही लोक घेऊन राहिले."

चहा झाल्यावर राग उतरला आणि तिने सौंदडला फोन लावला. "सुशिला, आयकून घे. आता लोक माझ्यावानी दिसून राहिले."

तर तो रविवार. खेळात काही आठवड्यांनी एक मोठा मेळा भरणार होता. आई त्याला मंडई म्हणायची, कारण दिवाळीनंतर आमच्या गावागावांत भरते ती मंडई, आणि गर्दी आणि रोषणाई म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे तीच. त्या मंडईत सर्वांत वेगळ्या पात्राला मान मिळणार होता. सौंदडवाली शेवटच्या फेरीत पोचली होती. मंचावर उभं राहून, स्वतःच्या आवाजात, हे रूप कसं केलं ते सांगायचं. आईला लढाईची भीती नव्हती, पण या बोलण्याची होती.

"इचारतील कोनासारखी केली. काय सांगू?"

"खरं ते सांग. कोणासारखी नाही," मी म्हणाले.

"कोनासारखी नाही," तिने एकदा म्हणून पाहिलं. मग टॅबलेट माझ्याकडे वळवला. "तुले कशी वाटते?"

"नाक जरा मोठं आहे."

"राहू दे मोठं," ती म्हणाली. "माह्या बोटानं केलं आहे."

रात्री लाखोळीची भाजी आणि भात केला. भाजीत मीठ कमी पडलंय म्हणाली आणि दोनदा वाढून घेतली. सोमवारी सकाळी मी चहा मांडला, तिला हाक मारली, खोलीत जाऊन पाहिलं, आणि मग पुन्हा हाक मारली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. त्रास झाला नसणार.

त्यानंतरचे दिवस माणसांनी भरलेले होते. संघदीप आला. सौंदडहून सुशिलाबाई आली. आम्ही तिला मोठाई म्हणतो. तिला दारात पाहून शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातून तांब्या सुटला. मोठाई पांढऱ्या लुगड्यात भिंतीला टेकून बसली होती, आणि आलेला प्रत्येक माणूस तिच्याकडे पाहून क्षणभर थबकायचा. "मले पाहून लोक भिऊन राहिले," ती माझ्या कानात म्हणाली. "मी अंदर जाऊन बसू का?" मला हसू आलं, आणि त्या हसण्यामुळे तो दिवस पार पडला.

चेहरा मोठाईकडे होता. आवाज मात्र माझ्याकडे आला होता. लहानपणापासून फोनवर लोक मला आई समजत. आता आईच्या नंबरवर फोन यायचा, मी हॅलो म्हणायचे, आणि पलीकडून लांबची कोणी नातेवाईक एकदम मोकळी बोलू लागायची: काय वो सौंदडवाली, बरी आहेस ना? मी म्हणायचे, थांबा, देते. आणि फोन संघदीपच्या हातात. तो सांगायचा. तो परत गेल्यावर मोठाईच्या हातात. कॉलेजात मी रजेच्या अर्जावर घरगुती कारण असं लिहिलं. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेचा मजकूर मीच केला, व्याकरण तपासून, पण तो छापील होता. मी आयुष्यभर पुस्तकांत वावरले आहे. या गोष्टीसाठी मराठीत किती शब्द आहेत ते मला ठाऊक आहे. त्यातला एकही मी तोंडाने उच्चारला नव्हता. ज्या घरात दिवसातून चार वेळा "मेली वो मी" ऐकू यायचं, त्या घरात मला ते एक वाक्य जमत नव्हतं.

मोठाई सौंदडला परत गेली त्याच आठवड्यात टॅबलेट बोलला. मी तो सवयीने चार्ज करत होते, उघडत नव्हते. हिमांशुने बोलून ठेवलेला निरोप होता.

"मावशी, जयभीम. तब्येत बरी नाही का? काही नाही, रविवारी मंडई आहे, तेवढ्या या. दोन नकलीवाल्या शेवटच्या फेरीत घुसल्या आहेत, तुमचंच तोंड घेऊन. तुम्ही नाही आल्या तर त्यातलीच एक खरी ठरेल, आणि मंग तुमची सौंदडवाली नक्कल म्हणून बाद. आम्ही सांगून राहिलो, पण ते म्हणतात जिची आहे तिनं येऊन सांगावं."

मी ते दोनदा ऐकलं. जन्मभर सुशिलाची नक्कल ठरलेल्या बाईने शेवटी एक तोंड स्वतःच्या बोटाने केलं, आणि आता तेच नक्कल ठरणार होतं. मी संघदीपला फोन लावला. त्याने डावा अंगठा चालायला, उजवा बघायला, एवढं शिकवलं आणि हळूच विचारलं की टोळीला कोण सांगणार.

"लिहून कळवीन," मी म्हणाले.

"मंचावर लिहिता येत नाही, ताई. बोलावंच लागतं."

"बघू."

शनिवारी मी सराव केला. सौंदडवाली माझ्या हातात आल्याबरोबर भिंतीवर जाऊन आपटली आणि तिथंच चालत राहिली. मग विहिरीत पडली. एका बदकाने तिचा गावभर पाठलाग केला. आई हे बघती तर हसून तिचा गुडघा दुखला असता. संध्याकाळपर्यंत मला सरळ चालता येऊ लागलं.

रविवारी दुपारी मी ओसरीत आईच्याच जागेवर बसले. मंडई खरंच मंडईसारखी होती. दिवे, पताका, रेटारेटी. मंचापाशी पोचले आणि थांबले. पायरीजवळ दोन सौंदडवाल्या आधीच उभ्या होत्या. तोच काळा रंग, तेच कान, तीच एक वर चढलेली भुवई. मी तिसरी. क्षणभर मला सौंदडच्या त्या फोटोची आठवण झाली.

मंचावर निवेदन करणारी मुलगी भराभर हिंदी बोलत होती. तिने पहिलीला वर बोलावलं. आईच्या चेहऱ्यातून एका पुरुषाचा जाडजूड आवाज आला, की हे रूप त्याला स्वप्नात दिसलं. लोक हसले. दुसरीतला आवाज कोवळा होता. तिने हे आपल्या आजीवरून केलं म्हणे. लोकांना ते आवडलं, टाळ्या पडल्या. मग मला हाक आली.

मी पायऱ्या चढू लागले. लोखंडी जोड्यांचा लाकडावर ठणठण आवाज झाला.

"ये भी नकली है," खालून दुर्गाप्रसाद म्हणाला.

मी थांबले.

"मैडम, तीनों नकली हैं," तो सांगत होता. "हमारी मावशी जूते पहनकर मंच पर चढ़ ही नहीं सकती. राक्षस के यहाँ नहीं चढ़ी, यहाँ क्या चढ़ेगी."

"थांबा," मी म्हणाले.

"आवाज तर मावशीचाच आहे," हिमांशु म्हणाला.

"आवाज की भी नकल होती है आजकल," दुर्गाप्रसाद म्हणाला. "मावशी होती तो पहले पूछती, खाना खाया क्या."

निवेदन करणारी मुलगी घाईत होती. तिने विचारलं की यांना बाद करायचं का. तेव्हा मला जाणवलं की आईचं खरंखुरं पात्र, आईने नाकासाठी दोन दिवस घालवलेलं, आईच्याच टोळीच्या साक्षीने बाद होणार आहे, आणि तेही माझ्या पायांमुळे.

मी जोडे काढायचं बटण शोधू लागले. आधी सौंदडवालीने तलवार उपसली. मग एक औषधाची बाटली पिऊन टाकली. मग, कसं कोण जाणे, ती नाचू लागली, दोन्ही हात वर करून, भुवई चढवलेलीच. मंडईतले सगळे बघत होते. मी घामाघूम झाले होते आणि मला हसूही येत होतं. शेवटी एक पिशवीचं चित्र सापडलं, त्यात जोड्यांचं चित्र, आणि मी ते दाबलं. जोडे तिच्या पायांतून निघाले आणि पायरीवर शेजारी शेजारी उभे राहिले, जसे आमच्या दारात राहायचे.

ती अनवाणी मंचावर गेली. आता आवाज झाला नाही.

"मावशी?" दुर्गाप्रसाद म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मावशी, कहाँ थीं आप? बताइए ना, कैसी हैं?"

माझ्या तोंडात आलं, थांबा, देते. टॅबलेट धरलेला हात आपोआप पुढेही झाला. ओसरीत कोणी नव्हतं. संघदीप हैदराबादला, मोठाई सौंदडला. रस्त्याने एक गाडी गोंदियाकडे गेली. द्यायला कोणी उरलं नव्हतं, आणि मंचावर ती उभी होती, पांढऱ्या केसांची, काहीतरी विचारत असल्यासारखी.

लहानपणी आम्ही तिला माय म्हणायचो. कॉलेजात गेले तेव्हा मी आई म्हणू लागले. तिने कधी काऊन म्हणून विचारलं नाही.

"दुर्गाप्रसादभाऊ, हिमांशु," मी म्हणाले, "जयभीम. जेवलात का?"

मी टॅबलेट मांडीवर टेकवला आणि पुढे बोलले.

"मी सौंदडवाली नाही. मी रंजिता, तिची पोरगी. हे तोंड तिनं आपल्या बोटानं केलं. मी बाजूलाच बसली होती. हे कोनासारखं नाही. नाक मोठं आहे, ते तसंच राहील. तिचं नाव पुष्पा." मी श्वास घेतला. "ती आली असती. तिनं बोलायची तयारीही केली होती. पण माय गेली. माझी माय गेली."